रेझर क्लॅम निसटतात आणि फुटतात ते कशामुळे? वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेलेल्या एका कुटुंबाला उत्तर

आपण प्रश्न तपशीलवार लिहिला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. इतर वाचकांसाठी तो थोडक्यात मांडतो. आपण रेडमंडला राहता. नोव्हेंबरमधल्या एका संध्याकाळी पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेले सासरे यांच्यासह आपण ओशन शोर्सजवळच्या कोपॅलिस किनाऱ्यावर पहिल्यांदाच रेझर क्लॅम, म्हणजे वाळूत राहणारे लांबट शिंपले, काढायला गेलात. ओहोटी सात वाजून वीस मिनिटांची होती आणि आपण सातच्या सुमारास वाळूवर उतरलात. नव्या फावड्याने दोन तास खणून सात क्लॅम मिळाले, त्यांतले चार फुटलेले होते. आणखी दोन निघाले, पण फारच लहान वाटले म्हणून आपण ते वाळूत परत पुरले. सासरे रत्नागिरीकडचे, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढण्यात उभे आयुष्य गेलेले, तरी तेही चक्रावले. आता आपला प्रश्न असा आहे की फावडे सोडून क्लॅम गन, म्हणजे वाळूत खुपसून क्लॅम उपसायची नळी, घ्यावी का, आणि क्लॅम खाली पळण्याआधी तो पकडण्यासाठी हात अधिक वेगाने कसा चालवावा.

माझ्या मते आपली अडचण हत्याराची नाही आणि वेगाची तर मुळीच नाही. आपण पोहोचलात उशिरा आणि खणलेत घाईने. या दोन चुका एकमेकींना पोसतात, कारण वेळ कमी उरला की माणूस हात घाईने चालवतो आणि घाईचा हात शिंपला फोडतो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली वीसेक वर्षे ऑलिंपियाला राहतो आणि हंगाम उघडा असेल त्या प्रत्येक वर्षी या किनाऱ्यांवर जातो. पहिली दोन वर्षे माझ्याही पिशवीत अख्ख्यापेक्षा फुटके क्लॅमच जास्त असत, आणि त्याचे कारणही हेच होते.

आधी हा प्राणी वाळूत काय करतो ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. पॅसिफिक रेझर क्लॅम, शास्त्रीय नाव सिलिक्वा पॅटुला, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या उघड्या, लाटा झेलणाऱ्या वाळूच्या किनाऱ्यांवर राहतो. खाडीतली तिसरी एका जागी स्वस्थ बसून असते, म्हणून सासऱ्यांना ती बोटांनी चाचपून काढता येते. हा मात्र वाळूत उभा असतो. वर त्याची मान, म्हणजे पाणी आत-बाहेर करणारी सोंड, आणि खाली मांसल पाय. धोका जाणवला की तो पाय खाली खुपसतो, त्याच्या टोकात द्रव भरून ते नांगरासारखे फुगवतो आणि त्या नांगरावर जोर घेऊन शिंपला खाली ओढतो. या हालचालीने भोवतालची ओली वाळू पातळ होते आणि वाट सैल होते. सैल वाळूत मोठा क्लॅम मिनिटाभरात जवळजवळ फूटभर खाली जाऊ शकतो.

हा आकडा ऐकून नवखा माणूस घाबरतो आणि फावडे धपाधप मारू लागतो. त्यातली दुसरी गोष्ट मात्र त्याच्या लक्षात येत नाही: हा प्राणी सरळ खाली जातो, आडवा पळत नाही. म्हणजे तो कोठे आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असते. खूण बरोबर वाचली आणि पाते बरोबर जागी उतरले, तर दोन-तीन फावडी वाळू काढून हात घालायला एक मिनिट पुरते. पाते चुकीच्या जागी उतरले, तर दहा मिनिटेही पुरत नाहीत. शर्यत आहे असे मानले की ती हरलीच.

आता वेळेकडे येतो, कारण आपली निम्मी संध्याकाळ तेथेच गेली. भरती-ओहोटीच्या कोष्टकातली वेळ ही पाणी सर्वांत खाली पोहोचण्याची वेळ असते. ती काम सुरू करण्याची वेळ नव्हे. आमच्याकडे मालवणी मुलखात सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की माणसे पाण्याच्या मागोमाग खाली उतरतात, पाणी पुरते आटेपर्यंत घरी बसून राहत नाहीत. येथेही तेच करायचे. ओहोटीच्या किमान एक तास, शक्यतो दोन तास आधी वाळूवर उभे राहावे आणि मागे सरकणाऱ्या पाण्याबरोबर हळूहळू खाली जावे. नुकतीच उघडी पडलेली, अजून चकाकणारी ओली वाळू ही सर्वांत चांगली जागा असते, आणि ती जागा दर काही मिनिटांनी समुद्राकडे सरकत असते. आपण सातला उतरलात तेव्हा हा सरकता पट्टा जवळजवळ थांबला होता. वीस मिनिटांनी पाणी परत फिरले आणि उरलेला दीड तासाहून जास्त वेळ आपण भरतीच्या तोंडावर, इतरांनी आधीच उकरलेल्या वाळूत घालवला.

ओहोटी किती खोल आहे यावरही बरेच अवलंबून असते. कोकणातल्याप्रमाणे येथेही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटी, असतो, आणि क्लॅमचे दिवस साहजिकच उधाणाच्या आठवड्यात येतात. पण या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक बरीच खोल जाते, दुसरी तितकी नाही. शरद आणि हिवाळ्यात खोल ओहोटी संध्याकाळी किंवा रात्री येते, वसंतात ती सकाळी येते. म्हणून नोव्हेंबरात कंदील घेऊन जावे लागते आणि एप्रिलमध्ये पहाटे उठावे लागते. शून्य फुटांखालची, म्हणजे कोष्टकात उणे चिन्ह असलेली ओहोटी मिळाली तर उत्तम. कोष्टक मात्र त्या किनाऱ्याचेच पाहावे. सिएटलचे कोष्टक बघून निघालेली माणसे मला दरवर्षी भेटतात. प्यूजेट साउंडमधले पाणी उघड्या समुद्राच्या कित्येक तास मागे चालते, त्यामुळे ही मंडळी कोरड्या वाळूऐवजी भरतीच्या स्वागताला पोहोचतात.

कोष्टक उत्तम असूनही क्लॅम दिसत नाहीत असे दिवस असतात, हे मान्य केले पाहिजे. लाटा मोठ्या असतील तर ते खोलवर राहतात आणि खुणा देत नाहीत. पाणीही कोष्टकात सांगितले तितके मागे हटत नाही. नोव्हेंबरात वादळे एकामागून एक येतात, आणि आपण गेलात त्या दिवशी समुद्र कसा होता हे आपण लिहिलेले नाही. लाटा दहा-बारा फुटांच्या असतील, तर सात क्लॅम हा आकडा वाटतो तितका वाईट नाही. मी निघण्यापूर्वी ओहोटीचा आकडा आणि लाटांची उंची दोन्ही पाहतो. दोन्हींपैकी एकच चांगले असेल, तर मला उणे ओहोटीपेक्षा शांत समुद्र अधिक प्रिय आहे.

यानंतर खुणा. क्लॅमने मान आत ओढली की वाळूवर जे चिन्ह उरते त्याला येथे ‘शो’ म्हणतात. ते तीन प्रकारचे दिसते. पहिला प्रकार म्हणजे साधी खळगी, वाळूवर बोट हलके दाबल्यासारखी. दुसरा म्हणजे मेदूवड्यासारखा, भोवती उंचवटा आणि मध्ये खड्डा. तिसरा म्हणजे स्पष्ट कडांचे भोक, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखे, आणि हा बहुधा जराशा कोरड्या वाळूत दिसतो. साधारणपणे मोठा शो म्हणजे मोठा क्लॅम, पण हा नियम पक्का नाही. लहान खळगीखालून पाच इंची निघाल्याचे आणि मोठ्या खड्ड्याखालून अंगठ्याएवढा निघाल्याचे मी पाहिले आहे. तरीही शर्टाच्या बटणाहून लहान खळग्या मी सोडून देतो. वाळूत झिंग्यासारखा एक जीवही बिळे करून राहतो, त्याला येथे घोस्ट श्रिंप म्हणतात. त्याच्या बिळाभोवती उकरलेल्या वाळूचा छोटा ढीग असतो, आणि नवखी माणसे निम्मी शक्ती त्याच्यावर खर्च करतात. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या दोन तासांतली बरीच रिकामी खणती याच बिळांची असणार.

शो दिसत नसेल तर फावड्याच्या दांड्याचे टोक वाळूवर आपटावे किंवा पाय आपटत चालावे. हादऱ्याने क्लॅम मान आत ओढतो आणि शेजारी खळगी उमटते. उथळ पाण्यात उभे राहून पाहणे ही त्याच्या पुढची पायरी. लाट मागे सरताना पाण्याचा पातळ पापुद्रा वाळूवरून वाहतो, आणि एखाद्या क्लॅमची मान वर आलेली असेल तर त्या पापुद्र्यात इंग्रजी ‘व्ही’सारखी रेघ उमटते. ती दिसते आणि क्षणात जाते. हे पाहायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि मला वाटते सासऱ्यांचा डोळा आपल्याआधी तयार होईल. खाडीच्या पाण्याकडे इतकी वर्षे पाहिलेला माणूस तो.

आता फावडे. शो दिसला की बहुतेक लोक पाते थेट त्यावर किंवा जमिनीच्या बाजूने उतरवतात आणि दांडा मागे दाबून माती उकरावी तशी उकरतात. आपले चार फुटले ते नेमके या उकरण्याने, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. याचा शिंपला अंड्याच्या कवचासारखा ठिसूळ असतो. पाते तिरके झाले आणि त्याच्या टोकाने शिंपल्यावर तरफ लागली, की तो फुटलाच. योग्य पद्धत अशी आहे: वाळूच्या टेकड्यांकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहावे, शोच्या पलीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला, चार ते सहा इंचांवर पाते ठेवावे आणि दांडा आपल्याकडे, टेकड्यांच्या दिशेला असू द्यावा. अंगाचा भार टाकून, गुडघ्यावर येत, पाते अगदी सरळ खाली उतरवावे. मग वाळूची पकड सुटण्यापुरताच दांडा थोडा मागे घ्यावा आणि वाळू वर व पुढे उचलून टाकावी. दोन-तीन वेळा असे केले की पुढे भिंत उघडी राहते. मग फावडे बाजूला टाकून हात घालायचा, मानेचा किंवा शिंपल्याचा स्पर्श लागेल तेथे घट्ट धरायचे, आणि ओढायचे नाही, नुसते धरून ठेवायचे. क्लॅम पायाने खाली खेचत असतो. आपण झटका दिला तर मान हातात येते आणि बाकीचा खाली राहतो. दुसऱ्या हाताने बाजूची वाळू सैल करत गेले की तो स्वतःच सुटतो. शिंपल्याच्या कडा धारदार असतात, रेझर हे नाव उगाच पडलेले नाही, म्हणून मी पातळ रबरी हातमोजे घालतो.

समुद्राच्या बाजूने पाते उतरवण्याचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच मोठा आहे: आपले तोंड आपोआप समुद्राकडे राहते. ते कसे महत्त्वाचे, ते मी पहिल्या वर्षी शिकलो. ट्विन हार्बर्स किनाऱ्यावर मी पाण्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलो होतो, हात खांद्यापर्यंत खड्ड्यात. आधीच्या सगळ्या लाटा पोटऱ्यांपर्यंतही येत नव्हत्या. एक लाट मात्र कंबरेपर्यंत आली, मला उलथवून गेली, दोन्ही बुटांत पाणी भरले, आणि कंदील व पिशवी परतीच्या पाण्याबरोबर गेली. शेजारच्या अनोळखी गृहस्थाने दंड धरून वर ओढले नसते, तर त्या थंड पाण्यात भरलेल्या बुटांसह मी किती वेळ धडपडलो असतो कोण जाणे. येथे अशा अवचित उंच येणाऱ्या लाटा नेहमीच्या आहेत. म्हणून मुलाला पाण्याच्या रेषेवर खणू देऊ नका. त्याच्यासाठी वरची, थोडी कोरडी वाळू निवडा आणि एक मोठे माणूस केवळ समुद्राकडे लक्ष देण्यासाठी ठेवा. अंधारात प्रत्येकाच्या डोक्यावर दिवा हवा, आणि सासऱ्यांसाठी एक मोठा कंदील वाळूवर स्थिर ठेवा, म्हणजे सर्वांना परतीची दिशा दिसेल.

नळीबद्दल आपण विचारलेत, तर घ्या, पण मुलासाठी आणि पत्नीसाठी घ्या. नळी शिकायला सोपी आहे. शोवर मध्यभागी ठेवायची, वरचे टोक किंचित टेकड्यांकडे झुकवायचे, डुलवत-फिरवत सहा ते दहा इंच खाली न्यायची, वरच्या वाऱ्याच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि पायांच्या जोरावर उभे राहत ती उपसायची. वाळूच्या खांबासह क्लॅम वर येतो. पहिल्या खेपेला आला नाही तर त्याच भोकात पुन्हा घालायची. पण पाण्याजवळच्या ओल्या वाळूत ती इतकी घट्ट बसते की कंबर धरते. माझी पंचेचाळिशीनंतर धरली आणि मी फावड्याकडे परतलो. नळीने क्लॅम फुटत नाही असेही नाही. ती शोच्या मध्यावर न बसता कडेला बसली, तर तिची धार शिंपल्यातून सरळ जाते. विकत घेताना तोंडाचा व्यास चार इंचांपेक्षा कमी नाही ना ते पाहा, राज्याच्या नियमात किमान मोजमाप दिलेले आहे. आपल्या स्वतःसाठी मात्र मी फावडेच सांगेन. हात बसला की ते नळीच्या दुप्पट वेगाने चालते आणि पाण्यातही चालते.

आता ते दोन लहान क्लॅम. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, कारण ही चूक सद्‌भावनेने होते, पण ती पुन्हा करू नका. वॉशिंग्टन राज्यात नियम असा आहे की प्रत्येकाने काढलेले पहिले पंधरा क्लॅम ठेवायचे, मग ते लहान असोत वा फुटलेले. एखाद्या काळासाठी राज्याचे मत्स्य आणि वन्यजीव खाते ही मर्यादा वाढवते, तेव्हा तसे आधी जाहीर केले जाते. मासेमारीत लहान मासा परत सोडणे हे चांगले वर्तन असते आणि आपल्याला तीच सवय असते. पण बाहेर काढलेला रेझर क्लॅम वाळूत परत पुरला तरी बहुतेक वेळा जगत नाही. लहानाला धक्का बसलेला असतो, फुटक्याला जखम झालेली असते आणि तो सावरण्याआधीच कुरव पक्षी त्याला टिपायला येतात. निवडून-निवडून मोठेच ठेवणारा माणूस पंधरा घरी नेतो आणि वाळूत आणखी दहा मारून जातो. म्हणजे हा नियम किनारा राखण्यासाठी आहे. त्यातून आपल्याला धडाही मिळतो: लहान क्लॅम नको असेल तर लहान शो खणायचाच नाही.

परवान्याची बाजू आपण ओझरती विचारली आहे, पण तीत चुका सहज होतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागते, पाहुण्यांनाही. सासरे एकदाच येणार असतील तर रेझर क्लॅमचे तीन दिवसांचे लायसन्स मिळते, ते घ्यावे. मुलाला लायसन्स लागत नाही, पण त्याचे पंधरा त्यानेच खणले पाहिजेत. आपण खणून त्याच्या नावावर घालता येत नाहीत. प्रत्येकाची पिशवी किंवा बादली वेगळी हवी. कुटुंबाची एकच बादली ही आपल्याकडची स्वाभाविक रीत, पण तपासणी अधिकारी आला तर कोणाचे किती हे सांगता आले पाहिजे. अंधारात मोजण्यात चूक होते, म्हणून मी प्रत्येक क्लॅम पिशवीत पडताना मोठ्याने आकडा म्हणतो. शेजारचे हसतात, पण आकडा चुकत नाही.

कोणत्या दिवशी कोणता किनारा उघडा आहे, हेही दर वेळी पाहायचे. लाँग बीच, ट्विन हार्बर्स, कोपॅलिस आणि मोक्रॉक्स हे चार मुख्य किनारे आहेत, आणि कोपॅलिस व मोक्रॉक्स अनेकदा आलटून-पालटून उघडतात. हे दोन किनारे राज्याचे मत्स्य आणि वन्यजीव खाते आणि क्विनॉल्ट आदिवासी राष्ट्र मिळून सांभाळतात. 1994 च्या न्यायनिवाड्याने करारबद्ध आदिवासी राष्ट्रांचा काढण्याजोग्या शिंपल्यांतल्या निम्म्या वाट्यावरचा हक्क मान्य झाला आहे. मोक्लिप्सच्या उत्तरेला क्विनॉल्टांची स्वतःची भूमी सुरू होते, तेथे आपण जायचे नाही.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण सर्वांत गंभीर तीच आहे. किनारा बंद असेल तर त्याचे कारण अनेकदा डोमोइक आम्ल असते. स्यूडो-निट्झशिया नावाच्या सूक्ष्म वनस्पती हे विष तयार करतात, क्लॅम त्या गाळून खातात आणि विष मांसात साठते. 1987 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिंपल्यांतून शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काही दगावली आणि काहींची स्मृती कायमची गेली, तेव्हा शिंपल्यांतून होणाऱ्या विषबाधेचे कारण म्हणून हे विष प्रथम ओळखले गेले. वॉशिंग्टनच्या क्लॅममध्ये ते 1991 मध्ये आढळले. 2015 च्या मे महिन्यात समुद्र असाधारण तापलेला असताना याच विषामुळे हंगाम अर्ध्यावर बंद झाला आणि त्या वर्षीचा शरदही गेला. मर्यादा दशलक्ष भागांत वीस भाग इतकी आहे आणि आरोग्य खात्याच्या तपासणीनंतरच खणण्याची अंतिम परवानगी मिळते. म्हणून महिनाभर आधी जाहीर झालेल्या तारखा या प्रस्तावित असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे.

हे मी लांबवून सांगतो आहे, कारण आपल्या घरांतून एक समजूत पक्की असते की दोन उकळ्या आल्या की सगळे शुद्ध होते. हे विष उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आतडे काढून टाकले तरी रेझर क्लॅमच्या खाण्याच्या भागातही ते असते. शिवाय इतर कित्येक शिंपले काही आठवड्यांत ते बाहेर टाकतात, तर रेझर क्लॅम ते महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही धरून ठेवतो. म्हणून शेजारच्या खाडीतले शिंपले काढायला परवानगी आणि रेझर क्लॅमला बंदी, असे दिसले तर ती सरकारी गफलत समजू नये.

आता घरी आणल्यावर. एका भांड्यात पाणी खळखळ उकळावे, क्लॅम जाळीत घेऊन दहा सेकंद बुडवावेत, शिंपले उघडले की लगेच थंड पाण्यात टाकावेत. मांस सुटून येते. मानेचे काळे टोक कात्रीने कापावे, पायाच्या बुडापासून मानेपर्यंत चीर द्यावी, कल्ले आणि काळा भाग काढून टाकावा, मग पाय उभा चिरून त्यातले पोट काढावे. पहिल्यांदा एका क्लॅमला पाच मिनिटे लागतील, पुढे एक पुरेल. चिरताना काचेच्या काडीसारखी पारदर्शक, लवचीक दांडी हाताला लागते. ती अळी नव्हे, अन्न पचवण्यासाठी क्लॅमच्या पोटात असणारा तो अवयव आहे. आमच्याकडे ती पाहून एका पाहुण्याने जेवायचेच नाकारले होते.

शिजवण्याबाबत सासऱ्यांशी आपला मतभेद होणार आहे, तो आधीच मिटवून टाका. तिसऱ्यांचे सुके करताना त्या मसाल्यात शिजल्या तरी चालतात, आणि आपण तेच येथे करायला जातो. रेझर क्लॅम असा शिजवला तर चामड्यासारखा होतो. खोबऱ्याचे वाटण, कांदा, कोकम घालून मसाला पूर्ण तयार करावा, पाणी आटवावे, मग क्लॅमचे तुकडे घालून दीड-दोन मिनिटांत आच बंद करावी. किंवा तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला मिनिटभर. पाय मानेपेक्षा कोवळा असतो, म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवतो: पाय तळायला आणि मान बारीक चिरून सुक्याला. फुटलेल्यांत वाळू शिरलेली असते. ते चिरल्यानंतर वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवावेत आणि सुक्यातच घालावेत, तळायला नको.

पुढच्या खेपेला ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचा आणि पहिली वीस मिनिटे फावडे हातात न घेता केवळ वाळू पाहत चाला. त्यानंतरही क्लॅम फुटत असतील, तर पाते कोठे ठेवले होते आणि दांडा कोणत्या बाजूला होता ते लिहून कळवा, तेवढ्यावरून चूक सांगता येईल.